फरक शून्य

त्या सकाळी मी कार्यालयात नाचत शिरले. नाचत म्हणजे अगदी खरोखर, पिशवी गरगर फिरवत, चपला फटाफट वाजवत. नव्या यंत्राच्या तारा जोडणारी आमची तारवाली स्टुलावर चढून भिंतीतून वायर ओढत होती, ती हसता हसता पडायचीच राहिली.

"ताई, शनिवार अजून लांब आहे," ती म्हणाली.

लांब कसला! मंगळवार तर उजाडलाच होता. शनिवारी साहेब येणार, नव्या यंत्राची फीत कापणार, मी अहवालावर सही करणार आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. घरी म्हणजे नवऱ्याकडे आणि खारूकडे. खारू माझी सहा वर्षांची मुलगी. जवळजवळ वर्षभर मी तिला सुटीसुटीतच बघत होते, आणि दर सुटीत तिचा फ्रॉक दोन बोटं आखूड झालेला असायचा. मला इतका आनंद झाला होता, की बाहेरच्या नळालासुद्धा "काय म्हणतोस?" असं विचारून आले.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर असं: एका घरात सासू आणि सून वर्षभर ठेवायच्या आणि दोघींच्या स्वभावात नेमका किती फरक आहे ते मोजायचं. भांडण मिटवायचं नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही, नुसतं मोजायचं. सासू म्हणजे अंगणातली पांढरी लाकडी पेटी. तिला चारी बाजूंनी तिरक्या फळ्या, आत काचेचे तापमापक. या गावातल्या हवेची नोंद कैक पिढ्या त्या पेटीने ठेवली. सून म्हणजे तिच्या शेजारी उभा केलेला खांब. त्यावर उपड्या बशा एकावर एक रचाव्यात तसलं प्लास्टिकचं घरटं, आत तारेच्या टोकाला इवलंसं यंत्र. ते दर मिनिटाला तापमान स्वतःच मोजतं, स्वतःच साठवतं आणि आतल्या खोलीतल्या भिंतीवर लाल आकड्यांत दाखवतं. सून हुशार आहे, पण थोडी तापट आहे. दुपारी सासूपेक्षा जरा जास्तच आकडा सांगते, वारा पडला की आणखी. हा 'जरा' किती, ते कळलं की मग पेटी खुशाल काढा. पुढच्या वर्षांच्या आकड्यांतून तेवढं वजा केलं की जुनी नोंद आणि नवी नोंद सांधली जाते. ते न करता पेटी काढली, तर यंत्राचा तापटपणा हवेच्या नावावर जमा होणार. मग दहा वर्षांनी कोणीतरी म्हणणार, बघा, त्या साली गाव एकदम तापलं.

म्हणून आमच्याकडे एक कडक नियम होता. काचेचा आकडा वाचणाऱ्याने आधी भिंतीवरचा आकडा बघायचा नाही. माणसाचा डोळा फार लोचट असतो. आधी एक आकडा दिसला, की काचेतही त्याला तोच दिसायला लागतो. त्यासाठी मी भिंतीवरच्या त्या लाल आकड्यांवर घरून आणलेला उशीचा अभ्रा टांगला होता. सूर्यफुलांचा.

काच वाचायचं काम काकांचं. काका म्हणजे इथले सगळ्यात जुने निरीक्षक. नाकावर चष्मा, खिशात दोन पेन्सिली, आणि तापमापकासमोर उभे राहिले की श्वास रोखणार, कारण श्वासाची ऊब काचेला लागते. या माणसाने उभ्या आयुष्यात आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. एकदा पेटीत गांधीलमाशा शिरल्या, तर आधी आकडा लिहिला आणि मग ओरडले, अशी त्यांची ख्याती.

तर त्या मंगळवारी मी चहाचा कप घेऊन शेवटच्या महिन्यांचे आकडे जुळवायला बसले. मनात गाणं चालू होतं, पाय टेबलाखाली ताल धरत होते. दुपारचा फरक, शून्य. दुसऱ्या दिवशीचा शून्य. मग एक दशांश. मग शून्य, शून्य, शून्य. मी टाळ्या वाजवल्या. "अगं, दोघींचं काय गूळपीठ जमलंय बघ!" असं तारवालीला ओरडून सांगितलं. ती स्टुलावरून "हो का?" म्हणाली, पण वळून बघितलं नाही.

तिने वळून बघितलं नाही, तिथेच माझा टेबलाखालचा ताल चुकला.

कारण हिवाळाभर याच दोघींचा दुपारचा फरक तीन-चार दशांश येत होता. तेव्हा बऱ्याचदा मी स्वतः काच वाचायची. मग मला दुसऱ्या केंद्रांच्या फेऱ्या लागल्या आणि दुपारचं वाचन पूर्णपणे काकांकडे गेलं. उन्हाळा लागला. उन्हाळ्यात फरक वाढायला हवा. तो वितळून गेला होता. इतकी एकी मी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलेली नाही.

लोकांना जुळलेले आकडे बघून आनंद होतो. माझं डोकं फिरतं. मी गार चहा एका घोटात संपवला आणि ठरवलं, आज बघायचंच.

भिंतीवरचा आकडा आणि यंत्रात साठणारा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठणाऱ्याला हात न लावता दाखवायचा आकडा मागेपुढे करता येतो. तपासणीसाठी तशी सोयच असते. रात्रभर अवकाळी पाऊस पडून गेला होता, दिवस ढगाळ होता, वारा छान सुटला होता, बाहेर एकवीस अंश असतील नसतील. मी खांद्यावर शाल घेतली होती. मी माझ्या संगणकावरून भिंतीवरचा आकडा गुपचूप एका अंशाने वाढवला आणि काकांना म्हणाले, "काका, आज शेवटची तपासणी. दर अर्ध्या तासाने काच वाचाल का?"

"वाचू की, मॅडम," काका म्हणाले आणि पेन्सिल घेऊन निघाले. अंगणात जाऊन पेटीचं दार उघडलं, श्वास रोखला, वाकून पाहिलं. मग परत येताना सरळ माझ्याकडे न येता आतल्या खोलीतून आले. का, तर म्हणे पाणी प्यायला. टेबलावर कागद ठेवला. बावीस.

माझं हसू गालात फुटायला लागलं. राग पण तितकाच आला होता, हसू आणि राग, दोघांची नुसती ढकलाढकल चाललेली. मी आकडा आणखी चढवला.

दुसऱ्या वाचनाला काका पुन्हा पाणी प्यायला गेले. कागदावर तीस. ठेवताना त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं, मग कोरड्या कपाळावरून रुमाल फिरवला. "काय उकाडा आहे हो," ते म्हणाले. खिडकीतून इतका गार वारा येत होता, की माझ्या टेबलावरचे कागद मी कोपराने दाबून धरले होते.

"नाहीतर काय," मी म्हणाले, "जीव नुसता कासावीस होतोय." आणि मीही शाल काढून ठेवली.

एव्हाना त्यांची गोची माझ्या लक्षात आली होती. भिंतीवरचं यंत्र बिघडलंय असं मला सांगायचं, तर अभ्रा उचलून बघितला हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर वेड्यासारखे आकडे लिहावे लागणार. बिचारे दोन्हीकडून अडकले होते, आणि मी, देवा, मी तर सुटलेच होते. पुढचा आकडा चौतीसवर नेला.

चौतीस लिहून काका आले तेव्हा त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं. मागोमाग तारवाली आली, तिच्या डोक्यावर ओला टॉवेल. "ताई, बाहेर अगदी भट्टी झालीये," ती म्हणाली, आणि तिला थंडीने शिंक आली. मग आणखी एक. मी उठून पंखा लावला. आम्ही तिघंही त्या पंख्याखाली बसलो, अंगावर काटा आलेला, एकमेकांकडे बघून हाशहुश करत. तारवालीचे ओठ निळे पडत चालले होते. काकांचे दात वाजायला लागले, तसा त्यांनी हनुवटीला हात लावून विचार करत असल्याचा आव आणला. मला वाटलं, आता मी फुटणार. पण नाही, मी अजून एकदा आकडा चढवला. एकोणचाळीस पॉइंट सहा.

तो आकडा मी मुद्दाम निवडला नव्हता. हात गेला तिथे गेला. पण या केंद्रात आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान होतं एकोणचाळीस पॉइंट दोन. ते काकांच्या गुरूंनी वाचलेलं होतं, आणि काकांना ते स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ होतं.

ते अंगणात गेले, आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा कागद कोराच होता. समोर उभे राहिले, पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, परत टेकवली.

"मॅडम," ते म्हणाले, "हा आकडा मी नाही लिहू शकत."

"का? काच काय म्हणते?"

"काच वीस पॉइंट नऊ म्हणते." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मघापासून तेवढंच म्हणतेय. पण हा... हा विक्रम होईल हो. खोटा विक्रम. माझ्या हाताने."

मग मात्र मी हसले. टेबलावर डोकं ठेवून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तारवालीला शिंका आवरेनात, हसूही आवरेना. काका मात्र तसेच उभे होते, म्हणून आम्ही हळूहळू थांबलो.

"बसा काका," मी म्हणाले. "आणि सांगा. हे किती दिवस चाललंय?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"पण का? तुम्ही? तुम्ही तर गांधीलमाशी चावली तरी आधी आकडा लिहिता!"

काकांनी तारवालीकडे पाहिलं. शेवटी तिनेच सांगितलं. दुपारी मी फेरीवर असताना इथल्या फोनवर खारूचा फोन यायचा. तिला तिच्या बाबांनी समजावलं होतं, की दोन यंत्रांचे आकडे सारखे आले की आई घरी येणार. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसायला लागलं की झालं, एवढंच त्याचं शास्त्र. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, की आम्हाला फरक हवा असतो, सारखेपणा नको असतो. पण ऐकेल तर शपथ! तर खारू रोज विचारायची, "काकाआजोबा, आज किती फरक?" काका खरं ते सांगायचे. चार दशांश. ती म्हणायची, बरं. दुसऱ्या दिवशी परत.

"एक दिवस रडली हो ती," काका म्हणाले. "मोठ्याने नाही. फोनमध्ये नुसतं नाक ओढलेलं ऐकू येत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आज शून्य. तर काय किंचाळली! कानाचे पडदे फाटले. मग दुसऱ्या दिवशी परत विचारलं. आता शून्यावरून मागे कसं जायचं?"

"पण ते फोनवर, काका! कागदावर शून्य कशाला केलंत?"

काकांनी मान वर केली. मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लहान पोरीशी खोटं बोलायचं का मग? तिला शून्य सांगितलं, म्हणजे कागदावर शून्यच पाहिजे."

इतकं प्रामाणिक खोटं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि पेटीत कोंडूनही ठेवावंसं वाटलं.

आणि मग एकदम लक्षात आलं, की शनिवारची गाडी चुकली. उन्हाळ्याचे सगळे आकडे बाद. ऊन अजून तीन महिने हटणार नव्हतं, म्हणजे ते तीन महिने परत मोजायचं, नव्याने, अगदी पहिल्यापासून. मघाशी हवेत तरंगणारे माझे पाय दगडासारखे जड झाले.

"मॅडम, तुम्ही सही करून टाका," काका हळूच म्हणाले. "हिवाळ्याचे आकडे आहेत ना, त्यावरून साधारण अंदाज येतोच. आम्ही दोघं कुठे बोलणार नाही. तुम्ही घरी जा."

तारवालीनेही टॉवेलखालून मान हलवली.

खोटं कशाला सांगू, मला सही करायची होती. फार करायची होती. अहवाल समोर होता, पेन हातात होतं, खारूचे आखूड झालेले फ्रॉक डोळ्यांसमोर नाचत होते. आणि कोणाला कळणार होतं? फरक असून असून किती, तर तीन-चार दशांश. तेवढ्याने कोणाचा ताप उतरत नाही की चढत नाही. मी पेनाचं टोपण काढलं सुद्धा. पण समोर काकांनी मघाचा तो कोरा कागद अजून हातात धरला होता. मी इतकं छळूनही त्यांच्या हातून त्यावर खोटा आकडा उतरला नव्हता. त्या कागदासमोर माझं पेन चालेना. मी टोपण परत लावलं आणि आधी साहेबांना फोन लावला.

"शनिवारचा कार्यक्रम होणार नाही, साहेब."

"का? आकडे तर सुंदर जुळतायत!"

"म्हणूनच."

साहेब खूप बोलले. फीत आणली आहे म्हणाले. माणसं बोलावली आहेत म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही स्वतःच घरी जायला उतावीळ होतात ना?" मी म्हटलं, "होते, साहेब. अजून आहे." "बरं, मोजा परत," म्हणाले आणि ठेवला.

फोन खाली ठेवते न ठेवते तोच तो परत वाजला. ती खारूची वेळ होती. आम्ही तिघं त्या फोनकडे साप बघावा तसं बघत राहिलो. मी हात पुढे केला, तर काकांनी माझ्या आधी उचलला. "हे माझं काम आहे, मॅडम," ते म्हणाले.

तिचा आवाज इतका खणखणीत आहे, की फोन काकांच्या कानाला असूनही मला सगळं ऐकू येत होतं.

"काकाआजोबा, आज किती?"

"बाळा, आधी एक सांगायचंय. मी तुला खोटं सांगत होतो. ते दोन आकडे शून्य कधी येतच नव्हते. आणि माझ्यामुळे आता आईला परत पहिल्यापासून मोजावं लागणार. म्हणून ती शनिवारी येणार नाही. तीन महिन्यांनी येईल."

मी परत हात पुढे केला, पण काकांनी फोन मला दिला नाही.

"रोज खोटं?" खारूने विचारलं.

"रोज."

"मला बरं वाटावं म्हणून?"

"हो."

"वाटलं होतं," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मी डोळे पुसत होते, तारवाली टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती. "मग आज खरं किती आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि अंगणात गेले. पेटी उघडली, वाकले, श्वास रोखला, कागदावर लिहिलं. मी तोवर भिंतीवरचा आकडा मुकाट्याने पूर्ववत केला. ते सरळ माझ्याकडे आले, पाणी प्यायला गेले नाहीत. मग मी अभ्रा उचलला आणि नव्या यंत्राचा आकडा वाचला. काकांनी वजाबाकी केली आणि फोन उचलला.

"तीन दशांश, बाळा."

मला काय झालं कोणास ठाऊक, मी टुणकन उडीच मारली. कित्येक आठवड्यांतला पहिला खरा फरक! तारवालीनेही उडी मारली. घरी जायचं रद्द झालेली बाई आणि तिची शिंकणारी मैत्रीण, दोघी हात धरून खोलीभर गरगर फिरलो. रडतही होते मी, पण पाय थांबायला तयार नव्हते.

"शू!" काका आमच्यावर डाफरले आणि परत फोनला कान लावला.

"तीन," खारू म्हणत होती. "हे खरं आहे?"

"अगदी खरं."

"एकदाच बघितलंत?"

काका गांगरले. "हो... एकदाच."

"मग परत बघून या. नीट बघा. तुम्ही आता चुकलात, तर आईला अजून थांबवाल."

काका ताठ उभे राहिले. सुटलेलं वरचं बटण त्यांनी लावलं.

"हो, मॅडम," ते म्हणाले, फोन अलगद टेबलावर ठेवला आणि पेन्सिल घेऊन पुन्हा अंगणात गेले.